मुका कॅमेरा आणि सासऱ्यांचा हात

मला कॅमेऱ्यातलं कळतं, ही अफवा आमच्या सासरी एका लग्नात पसरली. फोटोवाला वऱ्हाडाला उन्हाकडे तोंड करून उभं करत होता, सगळ्यांचे डोळे मिटत होते, आणि मी पोटभर जेवून मागे उभा होतो. जेवण अंगावर आलं की माझी जीभ सैल सुटते. मी म्हणालो, "जरा सावलीत घ्या हो, प्रकाश सपाट पडतोय." 'सपाट प्रकाश' हे शब्द मी आदल्याच दिवशी मोबाईलवर कुठल्याशा व्हिडिओत ऐकले होते. फोटोवाल्याने वळून माझ्याकडे आदराने पाहिलं. त्याने पाहिलेलं सासऱ्यांनी पाहिलं. झालं. ब्रह्मा घाटावरच्या त्या घरात मी तेव्हापासून जाणकार. त्या घरातल्या पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या वेद येतो. बँकेतल्या जावयाला काहीच येत नाही हे त्यांना थोडं खटकत असणार. आता निदान काहीतरी येतं म्हणायची सोय झाली.

मी मूळचा नागपूरचा. बदलीवर बनारसला आलो, इथल्या मराठी मुलीशी लग्न केलं आणि बदली मागायचं विसरलो. सासरे शुक्ल यजुर्वेदाचे वैदिक, पाठशाळेत शिकवतात. त्यांच्या शाखेत वेद नुसता तोंडाने म्हणत नाहीत, हातानेही म्हणतात. उजवा तळवा गाईच्या कानासारखा खोलगट धरायचा. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, मधला असला की बाजूला. शब्दाच्या शेवटी 'म्' आला की मूठ, विसर्ग आला की बोट पुढे. तोंड बरोबर आणि हात चूक असेल तर पाठ चूक. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना म्हणताना पाहिलं, तेव्हा बायकोच्या कानात विचारलं होतं, "बाबा कुणाला बोलावताहेत?" ती अजून ते चारचौघांत सांगते.

तर त्या उजव्या हाताचा खांदा गेला. गेला म्हणजे दुखायचा तो आधीपासूनच, पण पावसाळ्यानंतर हात वर नेताना त्यांचा चेहरा आवळायला लागला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, संक्रांत झाल्यावर. नंतर हात किती वर जाईल, असं मेहुणीने विचारलं तर डॉक्टर म्हणाले, ते आत्ताच सांगता येणार नाही. रोजची कामं होतील. 

सासरे घरी येऊन ओटीवर बसले. दुखण्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणाले, "रोजची कामं म्हणजे काय, जेवायचं, अंघोळ करायची. पाठ शिकवायचा हे काम त्यांच्या यादीत नसेल." मग माझ्याकडे वळले. "जावईबापू, हाताचे फोटो काढायचे. स्वर तसा हात. मोठे करून पाठशाळेत भिंतीला लावायचे. हात आहे तोवर."

पाठशाळेत एक जुना तक्ता होता. कुणा चित्रकाराने काढलेला. त्यातल्या हाताची करंगळी अंगठ्याएवढी जाड होती आणि एकूण आविर्भाव इथल्या लंका मोहल्ल्याच्या चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाचा. विद्यार्थी तो बघून चुकत, आणि चुकले की तक्त्याकडे बोट दाखवत.

"व्हिडिओच काढूया ना," मेहुणी म्हणाली. ती युनिव्हर्सिटीत शिकवते आणि घरात मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवते. "फोनपे एक मिनिट में हो जाएगा."

"वर्गात फोन चालत नाही," सासरे म्हणाले. "आणि विद्यार्थ्याने चित्राकडे बघून हात थांबवायला शिकायचं असतं. चित्रच हलत राहिलं तर तो काय थांबणार?"

मी म्हणालो, "बाबा, काळजी करू नका. आपण नीट कॅमेरा घेऊ. लहानसा, परवडणारा. मिररलेस."

"म्हणजे?"

"पूर्वी कॅमेऱ्याच्या आत आरसा असायचा. आता तो काढून टाकलाय."

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. "एक वस्तू काढून घेतात आणि नवा म्हणून विकतात होय! बरं. तुम्हाला कळतं त्यातलं."

इथून माझं अधःपतन सुरू झालं. शहाण्या माणसाने दुकानात जाऊन एक कॅमेरा उचलला असता. मी अभ्यास केला. स्वस्तातल्या लहान कॅमेऱ्यांपैकी तीन माझ्या मनात भरले आणि तिथेच ठाण मांडून बसले. पहिल्याला डोळा लावायची खिडकी होती, पण स्क्रीन पाठीला चिकटलेली आणि मॉडेल जुनं. शिवाय फोटो काढताना तो, बँकेत शिक्का आदळतो ना, तसा आवाज करायचा. दुसऱ्याला खिडकी नव्हती, पण स्क्रीन पानाच्या डब्याच्या झाकणासारखी उघडून कुठेही वळायची. तो स्वतःचेच व्हिडिओ काढणाऱ्या मंडळींसाठी होता. आणि तिसरा सगळ्यांत नवा, सडपातळ, दिसायला गोड. त्याच्या आत फोटो घेताना पडणारा पडदाच नव्हता. सगळं काम आतल्या आत विजेवर. त्यामुळे आवाज नाही. अजिबात नाही.

ऑफिसात, जेवताना, घाटावर फिरताना मी या तिघांचं तुलनात्मक चिंतन करत होतो. सकाळी पहिला पक्का व्हायचा, दुपारी एखादा विलायती माणूस व्हिडिओत त्याला नाक मुरडायचा, संध्याकाळी मी दुसऱ्याकडे झुकायचो. बायकोला मी एकदा तिन्हींची वजनं ग्रॅममध्ये सांगितली. ती मेथी निवडत होती.

"मला पाहायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालात," ती म्हणाली. "तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल?"

"तेव्हा एकच पर्याय होता," मी म्हणालो. तिने उरलेली जुडी निवडायला माझ्यासमोर टाकली.

सासरे भेटले की विचारायचे, "ठरला?" मी म्हणायचो, "जवळजवळ." डिसेंबर लागला, घाटावर कोहरा, म्हणजे इथलं दाट धुकं, उतरायला लागला, आणि एके दिवशी मेहुणी सरळ म्हणाली, "जीजाजी, बाबांचा हात रोज थोडा थोडा खाली येतोय. तुम्ही बघताय ना? कल को ठरला म्हणून नाचत याल और फोटो किसका लोगे, कोपराचा?"

ते लागलं. कारण मी पाहिलं होतं. सकाळच्या पाठात वरच्या स्वराला त्यांचा हात जात होता, पण आता श्वास धरून जात होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी गोदौलियाच्या गल्लीतल्या दुकानात गेलो. दुकानदाराने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि तिन्ही कॅमेरे काउंटरवर मांडले. आता निर्णयाची घडी. आणि त्या घडीला माझ्या डोक्यात कोण यावं, तर वसंतपूजा. मागच्या वर्षी एका यजमानाकडे वैदिक मंडळी समोरासमोर बसून म्हणत होती आणि माझ्या खिशात फोन वाजला. तोही गाणं म्हणत वाजला. सासऱ्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत, पण त्यांच्या त्या मिटलेल्या डोळ्यांची मला आजही भीती वाटते.

मी एकेक कॅमेरा कानाशी धरून बटण दाबायला लागलो. माठ घेताना वाजवून बघतात तसा. पहिला: खटॅक. दुसरा: खट्. तिसरा: काही नाही. पुन्हा पहिला. पुन्हा तिसरा.

"भाईसाहब," दुकानदार म्हणाला, "फोटो खींचना है कि सुनना है?"

मी हसलो आणि मुका कॅमेरा घेतला. वर एक चामड्याचा पट्टाही घेतला, जाणकारांचे असतात तसा.

चामड्याचा पट्टा गच्चीच्या दारातच अडला. सासरे अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून आसनावर बसलेले. त्यांनी लांबूनच विचारलं, "तो पट्टा कशाचा?" मी खरं सांगितलं. बायकोने कॅमेरा माझ्या गळ्यातून काढला, आत गेली आणि परत आली तेव्हा तो परकराच्या पांढऱ्या सुती नाडीला लोंबत होता. नाडी चांगली लांब होती. कॅमेरा माझ्या पोटावर यायचा. मेहुणीने तिच्या फोनवर माझा फोटो काढला. त्या घरात निघालेला तो पहिला चांगला फोटो.

गच्चीवर माकडांसाठी लोखंडी जाळी ठोकलेली. कोहरा विरून ऊन आलं आणि जाळीची सावली सासऱ्यांच्या हातावर पडली. हात चौकटीच्या लुंगीसारखा दिसायला लागला. मग आम्ही त्यांचं आसन सरकवत सरकवत जिन्याच्या भिंतीशी नेलं. मी म्हणालो, "बाबा, आता वरचा स्वर. हात वर करून तसाच धरा."

"तसाच कसा धरू?"

"म्हणजे… थांबा तसे. मी काढतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, खरोखरच कळत नसल्यासारखे. "मंत्र म्हटल्याशिवाय हात येतो कुठून?" ते म्हणाले. "नुसता हात वर केला तर ती बस थांबवायची खूण. मी म्हणत जाईन. तुम्ही टिपत जा."

त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. मी टिपत गेलो. मुका कॅमेरा आपल्या कर्तव्याला जागला. चकार शब्द नाही. इतका मुका की सासऱ्यांना काही कळेना. एक कंडिका, म्हणजे मंत्राचा एक तुकडा, संपली की ते डोळे उघडून विचारायचे, "काढला?" मी म्हणायचो, "कितीतरी." ते म्हणायचे, "कधी?" पण एकंदरीत मी खूश होतो. खाली येऊन टीव्हीला तार जोडली आणि घरातल्या सगळ्यांना बसवलं. जाणकार माणसाने आपलं काम मोठ्या पडद्यावर दाखवायचं असतं.

पहिल्या फोटोत सासऱ्यांचा चेहरा, भस्म, मागची भिंत, सगळं सुरेख. हात मात्र मनगटापासून एका बाजूला ओघळला होता. दुसऱ्या फोटोत बोटं तिरकी कललेली, वाऱ्याने गवत कलतं तशी. तिसऱ्यात विसर्गाचं बोट असं वाकलं होतं की त्यात हाड असेल यावर विश्वास बसेना.

"बाबा, हाथ तो एकदम लौकी लग रहा है," मेहुणी म्हणाली आणि तोंडावर ओढणी दाबली.

आता गंमत अशी की हे मला माहीत होतं. हेच तर मी महिनाभर वाचलं होतं! पडदा नसलेला कॅमेरा चित्र एकदम घेत नाही, वरून खाली ओळीओळीने घेतो. तेवढ्यात समोरची वस्तू हलली तर ती वाकडी उतरते. त्या विलायती माणसाने फिरत्या पंख्याचा फोटो काढून दाखवला होता. पाती तलवारीसारखी वाकलेली. मी तो भाग दोनदा पाहिला होता. पण सासरे हा पंखा नव्हे, अशा समजुतीत मी राहिलो.

सासरे हसले नव्हते. ते उठून टीव्हीजवळ गेले आणि त्या वाकड्या बोटासमोर आपलं बोट धरून पाहिलं. "हे माझं नाही," ते म्हणाले. "हे भिंतीला लावलं तर पोरं असंच करतील. मी तिथे नसेन सांगायला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "राहू द्या. तुम्ही पुष्कळ कष्ट घेतलेत." 

त्यांनी रागवायला हवं होतं. रागावले असते तर मी कॅमेऱ्याच्या बाजूने दोन मुद्दे मांडले असते.

दुकानदार म्हणाला, "खुला डिब्बा वापस नहीं होता।" मी म्हणालो, पैसे नकोत, तो शोकेसमधला जुना, पडदा असलेला खटॅकवाला द्या. त्याने पान चघळायचं थांबवलं. नवा देऊन जुना मागणारं गिऱ्हाईक त्याच्या दुकानात आलं नसावं. "आवाज़ अच्छी लग गई?" त्याने विचारलं. मी सांगितलं, हो, तसंच काहीसं. मग मला वाईट वाटेल म्हणून असेल, त्याने एक कापडी पिशवी फुकट दिली.

ऑपरेशन आठवड्यावर आलेलं. मी पुन्हा गच्चीत, गळ्यात नाडी. सुरुवात करण्याआधीच माफी मागून ठेवली, "बाबा, हा जरा वाजतो."

"वाजू दे," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

पहिला वरचा स्वर आला. खटॅक. सासरे थांबले.

"उशीर," ते म्हणाले.

"काय?"

"हात वर जाऊन खाली निघाला, मग तुम्ही वाजवलंत. पुन्हा."

पुन्हा. खटॅक. "आता लवकर. हात अजून वाटेत होता." पुन्हा. खटॅक. "हा विसर्ग होता, तुम्ही मागच्या अक्षरावर वाजवलंत. झोप झाली नाही का?"

डोळे मिटलेले, आणि माझी प्रत्येक चूक त्यांना ऐकू येत होती! मुक्या कॅमेऱ्याने मी काय काय हुकवतोय ते झाकून ठेवलं होतं. हा पठ्ठ्या प्रत्येक चूक गच्चीभर जाहीर करत होता. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकू हात थांबवून बघायला लागल्या. 

शेवटी सासऱ्यांनी डोळे उघडले. "तुम्हाला पुढे काय येणार तेच माहीत नाही. मग तुम्ही हाताच्या मागे धावणारच. ठेवा तो. बसा इथे."

"कुठे?"

"समोर. उजवा हात. गाईचा कान. कान म्हटलं मी, वाटी नाही!"

अशा रीतीने, मुंजीनंतर संध्येलाही सुट्टी दिलेला मी, कर्ज विभागातला अधिकारी, ऑपरेशनच्या आधीचे ते दिवस पहाटे गच्चीवर मांडी घालून एका अध्यायाचा तुकडा घोकत होतो. पाठ होण्यात माझी स्मरणशक्ती मागे नव्हती. हप्ते चुकवणाऱ्यांची नावं मला घोकायची सवय आहे. हात मात्र ऐकेना. तोंड वर गेलं की हात खाली. मूठ वळायची तिथे मी बोट पुढे करायचो, आणि सासरे म्हणायचे, "कुणाला दरडावताय?" कोपर ढळलं की त्यांच्या पळीची दांडी कोपरावर. बायको चहा घेऊन यायची आणि उगाच रेंगाळायची. इतका आनंद तिला माझ्या पगारवाढीनेही झाला नव्हता.

पण त्यातून एक कळलं. वरचा स्वर यायच्या आधी सासऱ्यांचा श्वास किंचित अडतो. दुखण्यामुळे नाही; तो पूर्वीपासूनचाच. हात उचलायचं तिथे आधी ठरतं. आणि हात वर पोचला की तो एक निमिष तिथे असतो, पुरता थांबलेला. ते निमिष यायच्या आधीच बटणावर बोट दाबायला सुरुवात करायची.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी सूर्य वेळेवर आला. सासऱ्यांनी सुरू केलं, मी मनातल्या मनात त्यांच्या बरोबर म्हणत होतो. श्वास अडला. खटॅक. 

मी थांबलो, शेरा ऐकायला. सासरे थांबलेच नाहीत. पुढे गेले. खाली, बाजूला, मूठ, बोट. खटॅक, खटॅक, खटॅक. मध्ये एकदा चुकलं तेव्हा त्यांनी नुसती भुवई उचलली आणि ती ओळ मुकाट्याने पुन्हा घेतली. हात वर नेताना त्यांना किती दुखत होतं ते कॅमेऱ्याच्या खिडकीतून, एका डोळ्याने, मला इतकं जवळून दिसत होतं की मी एकदा मध्येच म्हणालो, "बाबा, पुरे करूया का?" त्यांनी मान हलवली आणि आणखी एकदा हात वर नेला. तो फोटो सगळ्यांत चांगला आलाय. 

संध्याकाळी टीव्हीसमोर पुन्हा सगळे बसले. सासऱ्यांनी एकेक फोटो पाहिला, एकेका बोटासमोर आपलं बोट धरलं. त्यातले निम्मे बाद केले. उरलेल्यांकडे बघून म्हणाले, "हा माझा."

ऑपरेशन ठीक झालं. फोटो मोठे करून एक संच पाठशाळेत गेला आणि दुसरा, सासूबाईंच्या हट्टाने, घरी ओटीच्या भिंतीवर लागला. हात बरेच दिवस झोळीत होता. मग झोळी सुटली आणि व्यायाम शिकवणारी बाई यायला लागली. तिने सांगितलेले व्यायाम सासरे तिच्यासमोर आज्ञाधारकपणे करतात. ती गेली की खरा वर्ग भरतो.

परवा मी गेलो तेव्हा ते भिंतीसमोर बसले होते, वरच्या स्वराच्या फोटोसमोर. म्हणत होते आणि हात नेत होते. हात वर जात होता. फोटोतल्या हाताच्या वीतभर खालीच थांबत होता. पुन्हा न्यायचे, पुन्हा तिथेच. प्रत्येक वेळी आपल्याच हाताला, विद्यार्थ्यांना देतात त्याच आवाजात, "वर. अजून वर. खाल्लं नाहीस का सकाळी?"

"बाबा, आज पुरे," बायको म्हणाली.

"त्याला जमलं," फोटोकडे मान करून सासरे म्हणाले, "तर मला का नाही?" तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी दारातूनच मागे सरकत होतो, पण त्या घरात ओटी अरुंद आहे.

"या, या जावईबापू. बसा. उजवा हात. त्याच्यासमोर मी एकटाच का बोलणी खाऊ?"

मी बूट काढले, त्यांच्या शेजारी मांडी घातली आणि हात वर केला. सासऱ्यांनी माझ्या कोपराकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. 

"तुमच्यापेक्षा माझा वर आहे," ते समाधानाने म्हणाले, आणि आम्ही पहिल्या ओळीपासून सुरू केलं.